वननोट रिव्ह्यू : पुसलेली माहिती जुन्या व्हर्जनमधून खरंच जाते का

सोसायटीच्या कामाला नोट्सचं ॲप कुठलं घ्यावं असं कोणी विचारलं की लोक तीनच गोष्टी बघतात, फुकट आहे का, मोबाईलवर चालतं का आणि मराठीत टाईप होतं का, आणि यात चुकीचं काहीच नाही, पण मी आता या तिन्हीच्या आधी एक वेगळी गोष्ट बघते, ती म्हणजे त्यात लिहिलेलं काही काढून टाकलं तर ते खरंच जातं का. कारण आजकालची बहुतेक ॲप्स तुम्ही पुसलेलं सांभाळून ठेवतात. चुकून काही उडालं तर परत मिळावं म्हणून ती सोय असते आणि ती चांगलीच सोय आहे, पण त्याच सोयीत कोणाचा तरी आधार नंबर, कोणाच्या तरी मुलीचा फोन नंबर तसाच पडून राहतो आणि वरचं पेज बघून कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून हा रिव्ह्यू मायक्रोसॉफ्ट वननोटचा आहे, विंडोजच्या कॉम्प्युटरवर जे पूर्ण डेस्कटॉप वननोट असतं त्याचा, आणि मुद्दाम या एकाच अंगाने लिहितेय. फॉन्ट कसे आहेत, रंग किती आहेत हे बाकी ठिकाणी भरपूर मिळेल.

आमची सोसायटी कर्वेनगरला, जुनी, लिफ्ट नंतर बसवलेली. मूळ मालक निम्मेच इथे राहतात, बाकीचे फ्लॅट भाड्याने, आणि कमिन्स कॉलेज जवळ असल्यामुळे त्यातले बरेचसे शिकायला आलेल्या मुलींना. आता भाडेकरू आला की लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटची कॉपी, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची कॉपी, आधारचा फोटो, कॉलेजचं आयडी, गावाकडचा पत्ता, आईवडिलांचे नंबर हे सगळं सोसायटीकडे येतं. कामाला येणाऱ्या मावश्यांचे आधार वेगळे, वॉचमनचे वेगळे. शिवाय सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पासवर्ड, पंपरूमच्या कुलपाचा नंबर, बँकेचा युजर आयडी, नॉमिनेशनचे फॉर्म. पूर्वी हे फायलींत असायचं आणि फाईल कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली एकाकडे असायची. आता ते एका शेअर केलेल्या नोटबुकमध्ये असतं आणि कमिटीतल्या प्रत्येकाच्या फोनवर उघडतं, कमिटी बदलली तरी जुन्यांच्या फोनवरही उघडतं जर कोणी शेअरिंग काढलं नसेल तर.

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत एजीएम म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, त्याच्या आधी रेकॉर्ड नीट लावायचं काम असतं, ते यंदा माझ्याकडे होतं. आमच्या सेक्रेटरी काकांनी भाडेकरूंच्या पेजवरचे सगळे आधार नंबर स्वतः बसून पुसले होते, शेवटचे चार आकडे ठेवून, अगदी मन लावून केलं होतं. मी हिस्ट्री उघडून दाखवली तर काका म्हणाले, "अगं पण मी पुसलंय ना ते!" म्हटलं, काका तुम्ही वरनं पुसलंय, याच्या खाली मागच्या तारखांची पानं आहेत ती बघा, आणि त्यात प्रत्येक नंबर बाराच्या बारा आकडे, शेजारी कोणी कधी लिहिलं त्याचं नाव. काका गप्पच झाले आणि मग म्हणाले, "त्या पोरींच्या आईवडिलांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलंय हे." मला तेच वाक्य महत्त्वाचं वाटतं. ही माहिती आपली नाहीच आहे, आपल्याकडे ठेवायला दिलेली आहे.

तर वननोटमध्ये हे कसं चालतं ते सांगते. तुम्ही पेजवर बदल करत गेलात की वननोट मधूनमधून त्या पेजची आधीची अवस्था बाजूला ठेवतं, त्याला पेज व्हर्जन म्हणतात. वर हिस्ट्री नावाचा टॅब आहे, त्यात पेज व्हर्जन्स दाबलं की उजवीकडे पेजांच्या यादीत त्या पेजच्या खाली तारीख आणि नाव घालून जुनी व्हर्जन्स दिसायला लागतात. एखाद्यावर क्लिक केलं की ते जुनं पान जसंच्या तसं उघडतं आणि वर पट्टी येते की हे जुनं व्हर्जन आहे, कालांतराने काढून टाकलं जाईल. या 'कालांतराने' वर विसंबू नये, कारण ते कधी हे तुमच्या हातात नाही. शेअर केलेलं नोटबुक असेल तर ही व्हर्जन्स फक्त तुम्हाला नाही, ज्याला ज्याला एडिट करता येतं त्याला दिसतात.

आता पुसण्याचं. इथेच मला वननोट आवडलं, मनापासून सांगते. त्या जुन्या व्हर्जनवर राईट क्लिक केलं की डिलीट व्हर्जन येतं, म्हणजे एकच व्हर्जन उडवता येतं. आणि हिस्ट्री टॅबमध्ये पेज व्हर्जन्सच्या बटणाखाली जो छोटा बाण आहे तो दाबला की अजून पर्याय निघतात, या सेक्शनमधली सगळी व्हर्जन्स डिलीट करा, सेक्शन ग्रुपमधली करा, किंवा अख्ख्या नोटबुकमधली करा. म्हणजे एक पान, एक विभाग, पूर्ण वही, जिथे जेवढी गरज तेवढंच. बऱ्याच ॲप्समध्ये एक तर काहीच पुसता येत नाही नाहीतर सगळंच जातं, अशा दोनच टोकांवर गाडी असते आणि मधलं काही नसतं.

आणि हे मधलं का लागतं ते जरा सविस्तर सांगते कारण सोसायटीत हा प्रश्न खरा आहे. त्याच नोटबुकमध्ये आमच्या मीटिंगची मिनिट्स असतात, कोटेशन्स असतात, वॉटरप्रूफिंगला किती मंजूर झाले आणि प्रत्यक्ष किती गेले ते असतं. तिथे जुनी व्हर्जन्स हवीतच! उद्या कोणी म्हणालं की ठरावात आकडा नंतर बदलला तर हिस्ट्री उघडून दाखवता आली पाहिजे की काय होतं आणि कोणी कधी बदललं. सभासदांचा पैसा आहे तो. जर मी घाईने अख्ख्या नोटबुकची व्हर्जन्स उडवली असती तर आधार नंबर गेले असते खरे पण त्याबरोबर पाच वर्षांच्या कमिटीचा हिशोब मागे जाऊन तपासायची सोयही गेली असती आणि नवीन आलेल्या कमिटीला वाटलं असतं की यांनी काहीतरी लपवलं. म्हणून भाडेकरू आणि कामगार हे सेक्शन वेगळं, तिथली व्हर्जन्स पूर्ण उडवली, मिनिट्सच्या सेक्शनला हात लावला नाही, आणि मिनिट्समध्ये एके ठिकाणी एका सभासदाच्या आजारपणाचा उल्लेख तपशिलात आला होता तेवढ्या पानाची व्हर्जन्स उघडून बघून एकेक करून काढली. आणि काय काढलं, कधी काढलं आणि का काढलं हे मिनिट्समध्ये एक ओळ लिहून ठेवलं, मजकूर न लिहिता. हे मी सगळ्यांना सांगेन, पुसल्याची नोंद ठेवा, म्हणजे नंतर संशयाला जागा राहत नाही.

करताना क्रम महत्त्वाचा आहे हां. आधी चालू पानावरचं नको ते काढा, मग सिंक होऊ द्या, म्हणजे तो बदल क्लाऊडवरच्या प्रतीतही पोचू द्या, मग व्हर्जन्स डिलीट करा, आणि मग परत हिस्ट्री उघडून बघा की काही नवीन व्हर्जन तयार झालंय का ज्यात अर्धवट पुसलेलं आहे. कारण तुम्ही पुसता पुसता सुद्धा ॲप आपलं मागचं पान बाजूला ठेवू शकतं. आणि डिलीट करून झालं की एफ ९ दाबून सगळी नोटबुक्स सिंक करून घ्या, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरवर गेलंय आणि वर क्लाऊडवर अजून आहे असं होतं.

आता ज्या जागा लोक विसरतात त्या. पहिली रिसायकल बिन. वननोटची स्वतःची नोटबुक रिसायकल बिन असते, विंडोजच्या डेस्कटॉपवरची जी बिन असते ती वेगळी. तुम्ही पूर्ण पान डिलीट केलं की ते तिथे जाऊन बसतं आणि ६० दिवस राहतं. शेअर केलेल्या नोटबुकमध्ये ही बिनही शेअर केलेलीच असते. हिस्ट्री टॅबमध्येच ती आहे आणि तिच्या बाणाखाली एम्प्टी रिसायकल बिन आहे, ते दाबलं की रिकामी होते. त्याच्याच खाली अजून एक पर्याय आहे, या नोटबुकची हिस्ट्री बंद करा असा, तो दाबायच्या आधी वर लिहिलेलं मिनिट्सचं आठवा. आम्ही काय केलं, माणसांची खाजगी माहिती असलेलं नोटबुकच वेगळं काढलं, त्याची हिस्ट्री बंद ठेवली, ते फक्त सेक्रेटरी आणि चेअरमन दोघांना शेअर केलं, आणि मिनिट्स हिशोबाचं नोटबुक हिस्ट्री चालू ठेवून सगळ्या कमिटीला. खरं तर सुरुवातीपासून अशी दोन नोटबुक्स ठेवली तर निम्मं काम वाचतं, नवीन सोसायटी असेल तर पहिल्याच दिवशी करून टाका.

दुसरी जागा बॅकअप, आणि ही सगळ्यात जास्त सुटते असं माझं मत आहे. डेस्कटॉप वननोट तुमच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर आपोआप बॅकअप घेतं. फाईलमध्ये ऑप्शन्स, त्यात सेव्ह अँड बॅकअप, तिथे फोल्डर कुठे आहे ते दिसतं, किती दिवसांनी घ्यायचा ते दिसतं, आणि किती प्रती ठेवायच्या ते पण दिसतं, मुळात रोजचा आणि दोन प्रती असं असतं. म्हणजे तुम्ही नोटबुकमधून सगळं स्वच्छ केलं तरी त्या फोल्डरमध्ये कालची प्रत बसलेलीच आहे, आणि सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, पासवर्ड नसतो, किंवा असला तर मॉनिटरवर चिकटवलेला असतो, आणि लाईट बिल भरायला कोणीही येऊन बसतं. त्यामुळे साफसफाई झाल्यावर त्याच पानावर सगळ्या नोटबुक्सचा बॅकअप आत्ता घ्या असं बटण आहे ते दाबून ताजा बॅकअप करा, आणि मग त्या फोल्डरमध्ये जाऊन जुन्या तारखांच्या फाईल्स हाताने काढा, आणि विंडोजची रिसायकल बिनही रिकामी करा. ज्याच्या ज्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर हे नोटबुक उघडलेलं आहे त्या प्रत्येकाकडे असंच बॅकअप फोल्डर असणार, आमच्याकडे दोघातिघांच्या घरी जाऊन ते बघितलं, चहा झाला, काम झालं. आणि एखादा जुना लॅपटॉप जो कित्येक महिने नेटला जोडलाच नाही, त्यात जुनं नोटबुक तसंच असतं, त्याला सिंक झालेलं कळणार तरी कसं.

तिसरी गोष्ट फोटोंची. वननोट फोटोतलं छापील अक्षर वाचतं, म्हणजे आधार कार्डाचा फोटो पेस्ट केला तर त्यातला मजकूर सर्चला सापडू शकतो, आणि फोटोवर राईट क्लिक करून त्यातला मजकूर कॉपी सुद्धा करता येतो. याचा धोका आहे तसा फायदाही आहे. आधार कार्डावर इंग्रजीत गव्हर्नमेंट ऑफ इंडिया छापलेलं असतं, ते इंग्रजीतच टाईप करून सर्च केलं की कुठल्या कुठल्या पानावर कोणी कार्डाचे फोटो टाकून ठेवलेत ते बरेचसे एका झटक्यात कळतात. तसंच पॅनसाठी इन्कम टॅक्स डिपार्टमेंट टाका. सगळेच सापडतील असं नाही, तिरका किंवा अंधुक फोटो असेल तर सुटतो, म्हणून पानं डोळ्यांनीही बघा.

आणि एक, ड्रॉ मधला काळा पेन घेऊन नंबरवर रेघ मारणं म्हणजे नंबर पुसणं नव्हे. वननोटमध्ये पेनाची रेघ ही वेगळी वस्तू असते, ती सिलेक्ट करून बाजूला सरकवता येते किंवा उडवता येते आणि खाली नंबर जसाच्या तसा. कागदावर काळ्या शाईने खोडलं की खोडलं, तीच सवय इथे येते आणि माणसाला वाटतं झालं. फोटोवर असं काळं करायचं असेल तर बाहेर पेंटमध्ये उघडून वर काळा चौकोन भरून नव्याने सेव्ह करून तो फोटो टाका, आणि जुना फोटो काढून मग परत व्हर्जन्स उडवा, कारण जुना फोटो जुन्या व्हर्जनमध्ये असतोच.

त्यापेक्षा सरळ मास्क्ड आधारच मागा ना लोकांकडून! आधारच्या साईटवरून ते डाऊनलोड होतं, पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. ओळख पटवायला सोसायटीला एवढं पुरतं. आम्ही गेटवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर मराठीत साधी सूचना लावली की यापुढे पूर्ण आधारची कॉपी देऊ नये, आणि एकही भाडेकरू किंवा मालक नाराज झाला नाही, उलट एका मुलीची आई कोल्हापूरहून फोन करून बोलली की बरं केलंत. काढायची वेळ येणारच नाही अशी माहिती मुळात घेतलीच नाही तर हिस्ट्री, बॅकअप, बिन हा सगळा खटाटोपच नको.

बाकी ॲप्सशी तुलना करायची तर मला जेवढं नक्की माहितीये तेवढं लिहिते. गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्ट्री फार सुंदर आहे, कोणी कुठलं अक्षर बदललं ते रंगात दिसतं, पण त्यातलं एखादंच व्हर्जन डिलीट करायची सोय नाही. तिथला मार्ग म्हणजे डॉक्युमेंटची मेक अ कॉपी करायची, कॉपीला मागची हिस्ट्री येत नाही, आणि मग मूळ डॉक्युमेंट डिलीट करून ट्रॅशमधूनही काढायचं. चालतं, पण मग लिंक बदलते, सगळ्यांना नवीन लिंक द्यावी लागते, आणि मिनिट्सची हिस्ट्री ठेवायची आणि फक्त नंबर काढायचा हे जमत नाही. एक मात्र चांगलं, ज्यांना फक्त व्ह्यू दिलेलं आहे त्यांना तिथे हिस्ट्री दिसत नाही, म्हणून एडिटचा अधिकार जपून द्यावा.

नोशनमध्ये किती मागचं दिसतं ते तुमच्या प्लॅनवर असतं, फुकटच्या प्लॅनमध्ये ७ दिवस, प्लसला ३०, बिझनेसला ९०. म्हणजे फुकटवाल्याचं आठवड्यात दिसेनासं होतं पण ते तुमच्या मर्जीने नाही, मुदतीने. जॉप्लिन हे मोफत आणि ओपन सोर्स आहे, ते दर १० मिनिटांनी बदललेल्या नोटचं व्हर्जन ठेवतं आणि मुळात ९० दिवस ठेवतं, पण सेटिंगमध्ये ते दिवस कमी करता येतात, आणि कुठल्याही एका डिव्हाईसवर कमी केले की जुनी व्हर्जन्स पुसली जाऊन ते बाकीच्यांवरही सिंक होतं, हे मला फार चांगलं वाटलं. एकट्याच्या खाजगी नोट्ससाठी मी जॉप्लिनच सुचवेन, पण सोसायटीतल्या सगळ्या काकाकाकूंना ते सेट करून देणं अवघड आहे. ऑब्सिडियनमध्ये फाईल रिकव्हरी म्हणून भाग आहे, तो दर ५ मिनिटांनी फाईलचा स्नॅपशॉट घेतो आणि मुळात ७ दिवस ठेवतो, आणि तिथेच हिस्ट्री साफ करायचं बटण आहे, फक्त ते त्या त्या डिव्हाईसपुरतं असतं, म्हणून फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे करायचं, आणि त्यांचं पैसे देऊन सिंक घेतलं असेल तर त्याची वेगळी हिस्ट्री वर असते. हिंजवडीला आयटीत जाणारी आमच्यातली पोरं नोट्स गिटमध्ये ठेवतात, म्हणजे प्रोग्रामर लोक फाईलींच्या बदलांची नोंद ठेवायला जे वापरतात त्यात, त्यांनी नुसती ओळ काढून नवीन कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, केलं तर जुन्या कमिटमध्ये सगळं असतंच, त्यासाठी गिट फिल्टर रेपो किंवा बीएफजी वापरून हिस्ट्री नव्याने लिहावी लागते आणि ज्यांनी आधी क्लोन म्हणजे पूर्ण प्रत घेतलीय त्यांच्याकडची कॉपी राहतेच.

वननोटमध्ये अजून एक सोय आहे, सेक्शनला पासवर्ड लावायची. सेक्शनवर राईट क्लिक करून पासवर्ड प्रोटेक्ट धिस सेक्शन. लावला की ते सेक्शन एन्क्रिप्ट होतं, कुलूप उघडल्याशिवाय सर्चलाही सापडत नाही. खाजगी माहितीच्या नोटबुकमध्ये आम्ही हे लावलंय. पण पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टलाही उघडून देता येत नाही, हे त्यांनी स्वतः स्पष्ट सांगितलंय, म्हणून तो कागदावर लिहून बंद पाकिटात बँकेच्या चेकबुकाबरोबर ठेवलाय. आणि पासवर्ड लावणं म्हणजे पुसणं नाही, ज्याची गरज संपली ते काढायलाच हवं. भाडेकरू घर सोडून गेला, डिपॉझिट परत झालं, मग त्याच्या आईचा नंबर आपण कशासाठी ठेवायचा? २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्टचा रोखही हाच आहे की ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपलं की ती काढून टाकावी. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

पासवर्डांचं वेगळं आहे. डीव्हीआरचा पासवर्ड, वायफायचा, पंपरूमच्या नंबरी कुलपाचा, हे जुन्या व्हर्जनमध्ये सापडलं तर ते व्हर्जन उडवण्याच्या आधी तो पासवर्डच बदला. तो कोणी बघितला असेल, कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, बदलला की प्रश्न मिटला. आधार नंबर, जन्मतारीख, आजार, गावाकडचा पत्ता हे बदलता येत नाही, म्हणून तिथे पुसण्याची मेहनत जास्त घ्यायची. आमच्याकडे आधी दोन दिवस फक्त व्हर्जन्सच्या मागे लागले होते सगळे आणि डीव्हीआरचा पासवर्ड तोच, मग एका तरुण मेंबरने ते लक्षात आणून दिलं आणि त्याच संध्याकाळी बदलला.

व्हॉट्सॲपवर गेलेल्या पीडीएफचं काही करता येत नाही फारसं. डिलीट फॉर एव्हरीवनची मुदत साधारण अडीच दिवसांची आहे आणि त्यातही समोरच्याने डाऊनलोड केलं असेल तर ती फाईल त्याच्या फोनमध्ये राहू शकते. तिथे हात जोडून विनंती करणं हाच मार्ग, आम्ही केली, लोकांनी ऐकली. आता यादी पाठवायची झाली तर नाव आणि फ्लॅट नंबर एवढंच जातं.

आता वननोटचं जे पटत नाही ते. या सगळ्या गोष्टी एका जागी नाहीत, व्हर्जन्स हिस्ट्री टॅबमध्ये, बॅकअप ऑप्शन्समध्ये, शेअरिंग फाईलमध्ये, आणि एक बटण दाबून या व्यक्तीची माहिती सगळीकडून काढा असं काही नाही. साठीपुढच्या सेक्रेटरीला हे एकट्याने करायला सांगणं योग्य नाही, शेजारी कोणीतरी बसलं पाहिजे. मोबाईलवर हे काम करायला बसू नका, विंडोजचा कॉम्प्युटर लागतो. विंडोज १० बरोबर जे वेगळं छोटं वननोट यायचं त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, त्यामुळे कोणाकडे अजून तेच असेल तर आधी पूर्ण डेस्कटॉप वननोट घ्या, तेही मोफतच आहे, वनड्राईव्हची ५ जीबी जागा फुकट मिळते आणि सोसायटीच्या नोट्सना ती पुष्कळ होते, फक्त फोटो भरमसाट टाकू नका. आणि शेअरिंगची जुनी लिंक बंद करायला विसरू नका, नुसतं नाव काढलं आणि लिंक चालू राहिली तर ती लिंक ज्याच्याकडे आहे तो आत येतोच.

माझ्याकडून पाचापैकी चार. एक कापला तो सगळं विखुरलेलं आहे म्हणून. सोसायटी, क्लासेस, छोटा दवाखाना, वाचनालय, जिथे चारपाच माणसं मिळून एकच वही वापरतात आणि त्या वहीत दुसऱ्यांची माहिती असते तिथे मी हेच वापरा म्हणेन, कारण हवं तेवढंच पुसता येतं आणि हवं ते राखता येतं. एकट्याची डायरी असेल तर जॉप्लिन बघा. कर्वेनगर, कोथरूड, वारजे भागातल्या कुठल्या सोसायटीला एजीएमच्या आधी हे करून घ्यायचं असेल आणि शेजारी बसायला माणूस हवा असेल तर कमेंटमध्ये लिहा, रविवारी सकाळी मी आणि आमच्या सोसायटीतली दोन मुलं येऊन करून देतो, पैसे नकोत, फक्त सेक्रेटरी किंवा चेअरमन समोर हवेत आणि काय पुसायचं ते त्यांनी ठरवायचं, आम्ही नाही.